सही करण्याआधी बसून पाहणारे हिवाळे साहेब

आदरणीय नामदेवराव हिवाळे साहेबांची आणि माझी पहिली भेट साडेचार तासांची झाली. त्यातली पाच-सात मिनिटं सोडली तर साहेब तिथं नव्हतेच.

विमान कंपनीतल्या नोकरीचा तो माझा पहिला दिवस. धामणगाव बढ्याहून मुंबईपर्यंत पोचलेलो, इंजिनिअरिंगची पदवी ताजी, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, आणि ज्या विभागात रुजू व्हायचं त्याचं काम काय हे धड ठाऊक नाही. विमानाच्या पोटात खुर्च्या किती आणि कुठं बसवायच्या, दोन ओळींत अंतर किती ठेवायचं, बिझनेस क्लास कुठं संपवून पडदा कुठं टांगायचा, स्वच्छतागृहं कुठं काढायची, हे सगळं कागदावर आखणारा आमचा विभाग. साहेब त्याचे प्रमुख. त्यांच्या टेबलासमोर पाहुण्यांसाठी साध्या खुर्च्या नव्हत्या. विमानातली तीन खुर्च्यांची अख्खी ओळ जमिनीला बोल्ट मारून बसवली होती आणि तिच्यापुढं, विमानात असते तेवढ्याच अंतरावर, तशीच दुसरी ओळ. साहेबांनी माझे कागद पाहिले, गावाचं नाव वाचलं आणि म्हणाले, "मधल्या खुर्चीत बैस." मी बसलो. साहेब बाहेर निघून गेले.

ते परत आले तेव्हा दुपार उलटून गेली होती.

"कुठी दुखते?" त्यांनी विचारलं.

पहिल्याच दिवशी तक्रार कशाला, म्हणून मी म्हणालो, "कुठीच नाही, साहेब."

"खोटं बोलू नको. या खुर्चीत साऱ्याईचं दुखते."

"कंबर दुखते."

"कवापासून?"

"घड्याळ नाही पाह्यलं."

"मंग साडेचार घंटे केलं काय? उद्या पुन्हा बैस. घड्याळ घेऊन."

साडेचार तास म्हणजे ती खुर्ची ज्या मार्गावर जाणार होती तेवढा प्रवास. साहेबांचा नियमच होता की ज्यानं जागा आखली त्यानं तिच्यात पूर्ण प्रवासाएवढा वेळ बसायचं आणि मगच नकाशावर सही करायची. हा नियम कंपनीच्या कोणत्याही पुस्तकात नव्हता. तो साहेबांनी काढला आणि विभागातल्या आम्हा सगळ्यांच्या कंबरांनी पाळला.

साहेबांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाचे संपादक, साहेबांच्या गावचे म्हणजे देऊळघाटचे निवृत्त मुख्याध्यापक पाटील गुरुजी, यांनी मला फोनवर बजावलं आहे की लेख गौरवाचा हवा, गाऱ्हाण्याचा नको. गुरुजी, मी प्रयत्न करतो. पण एकोणीस वर्षं साहेबांच्या हाताखाली काढलेल्या माणसाकडून नुसता गौरव मागणं म्हणजे लग्नात नवरदेवाच्या घोड्याला वरात कशी झाली ते विचारणं आहे.

आता अपग्रेडचं सांगतो. तिकीट मागच्या वर्गाचं आणि बसायला मिळतं पुढच्या, मोठ्या खुर्चीत, याला आमच्याकडं अपग्रेड म्हणतात. पुढं जागा रिकामी राहिली तर कामासाठी फिरणाऱ्या अधिकाऱ्यांना ती देण्याची पद्धत होती. साहेबांना ती नेहमी मिळे आणि त्यांच्याबरोबर असलो तर मलाही. एकोणीस वर्षांत साहेबांच्या शेजारी त्या जागेत मी एकूण किती बसलो म्हणाल, तर अकरा मिनिटं.

एकदा परदेशातल्या खुर्च्यांच्या कारखान्यात दोन दिवस उभं राहून आम्ही परत निघालो होतो. पुढच्या वर्गाची कार्डं हातात पडली तेव्हा देव पावला असं वाटलं. मी बूट काढले, पाय लांब केले. हवाई सुंदरीनं संत्र्याचा रस आणून दिला. साहेब म्हणाले, "एक चक्कर मारून येतो," आणि मागं गेले. परत आले ते मांडीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलेल्या एका गृहस्थांना आणि त्यांच्या पत्नीला घेऊन.

"गजानन, ऊठ."

"काऊन, साहेब?"

"त्याईचा पाय दुमडत नाही. तुहा दुमडते."

मी मोज्यांवरच उठलो. ते गृहस्थ बिचारे सभ्य होते, त्यांनी हात जोडले. बाईंनी माझ्या ग्लासाकडं पाहून विचारलं, "हा उष्टा नाही ना?" पुढचे नऊ तास आम्ही शेवटून दुसऱ्या ओळीत काढले. साहेबांनी वही उघडली आणि पुढच्या माणसानं पाठ मागं टाकली की आपल्या गुडघ्यांना किती जागा उरते ते मोजत बसले. चेहऱ्यावर समाधान असं की जणू खरं अपग्रेड त्यांनाच मिळालंय. घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. साहेब सोबतच्या माणसालाही तव्यापाशी बसवतात, एवढाच फरक.

असा प्रसंग एकदाच घडला असता तर मी इतकी वर्षं लक्षात ठेवला नसता. तो दर खेपेला घडे. कधी गरोदर बाई, कधी काठीवाले आजोबा, एकदा तर सहा फूट चार इंचांचा एक धडधाकट तरुण, ज्याचा दोष एवढाच की त्याचे गुडघे पुढच्या खुर्चीत घुसत होते. पुढं पुढं मी बूट काढणंच सोडलं.

साहेबांच्या कामाची सगळ्यांत मोठी हकिगत विमानात घडलेली नाही, देऊळघाटात घडलेली आहे. आमच्या खुर्च्या येत परदेशातून. त्या आखलेल्या तिकडच्या उंच माणसांच्या मापानं. साहेबांनी मोडीत निघालेली तीन खुर्च्यांची एक ओळ कंपनीकडून रीतसर मागून घेतली, ट्रकनं गावी आणली आणि घराच्या अंगणात निंबाखाली बसवली. मे महिन्यात मी सुट्टीवर गावी आलो होतो. साहेबांनी निरोप धाडला, "टेप घेऊन ये." सुट्टी कशाला म्हणतात ते साहेबांना त्यांच्या निवृत्तीपर्यंत कळलं नाही, आणि नंतरही कळल्याची खूण नाही.

अंगणात गाव लोटलं होतं. शेजारच्या शेवंताबाई, सत्तरीच्या, अंगावर नऊवारी, मधल्या खुर्चीत चढून बसल्या. खरंच चढूनच बसल्या.

"नामदेवा, हे खुर्ची हाय का माळा? माहे पाय तर लोंबकळून राह्यले."

साहेब खाली वाकले आणि त्यांच्या टाचेपासून जमिनीपर्यंतचं अंतर पाहत राहिले. पाय असे लोंबत राहिले की खुर्चीची कड मांडीला रुतते आणि पावलं सुजतात. कंपनीला हे ठाऊक नव्हतं, कारण कंपनीनं शेवंताबाईंना कधी बसवून पाहिलं नव्हतं. साहेब म्हणाले, गावातल्या बायकांच्या पायांची मापं घ्यायची. मी टेप काढला आणि अंगणातल्या सगळ्या बायका एका दमात उठून गेल्या. परक्या पुरुषाला पायाचं माप कोण घेऊ देईल? शेवटी साहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, यांनी तोड काढली. त्या घरात एकेकीला नेऊन दोऱ्यानं माप घेणार, मापाच्या जागी गाठ मारणार आणि दोरा बाहेर माझ्याकडं देणार. उत्तम. संध्याकाळी माझ्यापुढं गाठी मारलेल्या दोऱ्यांचा ढीग होता आणि कोणता दोरा कोणाचा, हे कोणीच लिहून ठेवलेलं नव्हतं.

"मापं तं हाय ना," काकू म्हणाल्या. "नावाचं काय लोणचं घालता?"

साहेबांना वयासकट माप हवं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं पहिल्यापासून. देऊळघाटच्या बायका दुसऱ्यांदा हसत हसत आल्या आणि मी दुसऱ्यांदा उन्हात बसलो. त्या दोऱ्यांवरून लांबच्या प्रवासाच्या विमानांत खुर्चीखाली पाय टेकवायला एक आडवी दांडी आली. मुंबईच्या कार्यालयात तिला थट्टेनं 'देऊळघाट दांडी' म्हणत. थट्टा करणाऱ्यांच्या आया पुढं त्याच दांडीवर पाय टेकवून मुलांकडं परदेशी गेल्या.

साहेबांच्या जिव्हाळ्याचा एक प्रसंग सांगायला हवा, नाहीतर गुरुजी रागावतील. माझे वडील गेल्याचा फोन आला तेव्हा मी कार्यालयात होतो. औरंगाबादचं विमान भरलेलं होतं. त्याच विमानानं साहेब देऊळघाटला निघाले होते, काकूंच्या माहेरी लग्न होतं. त्यांनी काउंटरवर जाऊन आपली जागा माझ्या नावे केली आणि मला ते कळलंही नाही. मला वाटलं, नशिबानं एक जागा निघाली. दुसऱ्या दिवशी साहेब एस.टी.नं उभ्या-बसल्या येऊन धामणगावात आमच्या ओसरीवर टेकले. पाय सुजलेले. लग्न हुकलेलं. "कशाला आलात, साहेब?" असं मी खरोखर चिडून विचारलं. ते म्हणाले, "तुह्या बापाले भेटलो नव्हतो कधी." त्या माणसावर मी तेव्हा रागावलो होतो याची मला आजही लाज वाटते, आणि तरी तो राग पुरता गेलेला नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहायचं मी कबूल केलं, ते.

साहेबांच्या सेवेच्या शेवटच्या वर्षी कंपनीनं ठरवलं की लांबच्या विमानांत बिझनेस क्लासला झोपायचे पलंग द्यायचे. खुर्ची आडवी झाली की पुरती सपाट. पलंगाला जागा जास्त लागते. विमान काही रबराचं नसतं. पुढं वाढवलं की मागं आवळावं लागतं. मागचे प्रवासी तर कमी करायचे नव्हते, म्हणून अगदी शेवटी, स्वच्छतागृहाच्या भिंतीला चिकटून, आणखी एक ओळ बसवायची असं ठरलं. तिची पाठ मागं कलत नाही, कारण मागं भिंत आहे. तिला खिडकी नाही. गुडघ्यांना जागा बेताची, आणि शेजारी दाराची उघडझाप.

साहेबांनी लाकडी भिंत उभी करून ती ओळ कार्यालयात मांडायला लावली आणि तिच्यात पंधरा तास बसले. उठले आणि म्हणाले, "याच्यावर माही सही होणार नाही." वरून समजावणी झाली, धमकावणी झाली. साहेबांना बढती मिळायची होती, ती थांबली. फाइल माझ्याकडं आली. सोबत निरोप होता की सही करणाराच उद्याचा प्रमुख.

मी त्या ओळीत वीस मिनिटं बसलो. चहा तिथंच मागवला, प्यायलो आणि सही केली.

माझ्या बढतीच्या दिवशी साहेब पेढे घेऊन आले. रागाचा शब्द नाही, टोमणा नाही, कपाळावर आठी नाही. "घरी आईले सांगतलं काय?" एवढंच विचारलं. माणसानं भांडावं, तोंडावर बोलावं, म्हणजे समोरच्यालाही दोन शब्द उलटे बोलून मोकळं होता येतं. साहेबांनी मला तेवढीही सोय ठेवली नाही. याबद्दल मी त्यांना क्षमा केलेली नाही, हे मी इथं जबाबदारीनं नोंदवतो.

मध्यंतरी जिल्ह्यातले एक पत्रकार साहेबांची मुलाखत घ्यायला गेले होते. त्यांनी मोठ्या खुबीनं विचारलं, "लहानपणी शाळेत तुम्हाला मागच्या ओळीत बसवत. मागच्या ओळीबद्दलची तुमची कळकळ तिथून आली का?" साहेब म्हणाले, "बसवत होते, हे खरं हाय. पण कळकळ गुडघ्यातून येते. तुम्ही बसून पाहा." पत्रकारांनी वही मिटली. त्यांचा मथळाच गेला.

काकूंना जाऊन सहा वर्षं झाली. साहेबांची एकुलती मुलगी सुजाता टोरोंटोला असते. यंदा तिचं मोठं ऑपरेशन ठरलं आणि तिनं वडिलांना बोलावलं. मोठं म्हणजे, त्यातून उठेल की नाही हे डॉक्टरही छातीठोक सांगत नव्हते. इकडं साहेबांच्या पायात गेल्या वर्षी रक्ताची गाठ झाली होती. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं, "आडवं होऊन, पाय लांब करून जाणार असाल तर जा. खुर्चीत पंधरा तास पाय दुमडून बसणार असाल तर मी परवानगी देणार नाही." सुजाताचा मला फोन आला, "काका, काहीही करा, पण बाबांना झोपवून आणा. मला आत नेण्याआधी त्यांना बघायचंय."

यात अवघड काय होतं? विभागाचा प्रमुख मी. निवृत्त अधिकाऱ्याला पुढच्या वर्गात रिकामा पलंग देणं नियमात बसतं. मी सगळं जमवलं आणि आनंदाची बातमी घेऊन स्वतः देऊळघाटला गेलो. साहेब अंगणात निंबाखाली होते.

"मी मागं बसून जाईन," साहेब म्हणाले.

मी डोक्याला हात लावला. डॉक्टर सांगून झाले, सुजाता सांगून झाली, पालथ्या घड्यावर पाणी.

"साहेब, तो पलंग रिकामाच जाणार हाय. तुम्ही नाही झोपले तं कोणाचं भलं होणार?"

"तो पलंग कशातून निंघाला, तुले माईत हाय."

"हाव, माईत हाय! पण तुमच्या एकट्याच्या जागरणानं ते शेवटची ओळ उठणार हाय काय?" माझा आवाज चढला होता. कुंपणापलीकडून दोन माणसं डोकावली. "पंचाहत्तरीचे झाले तुम्ही. पायात गाठ हाय. पोरगी तिकडं वाट पाहून राह्यली. आन् तुम्ही माह्यावरचा राग पायावर काढता!"

साहेबांनी काठीनं निंबाचा पाला बाजूला सारला. मग शांतपणे म्हणाले, "राग नाही, गजानन. तू बसून पाह्यलं नाही, एवढंच हाय. तू त्या ओळीत बसून येशील तं मी झोपून जातो."

पंधरा वर्षांत त्या सहीबद्दल साहेब मला बोलले ते एवढंच.

माझं वय अठ्ठावन्न. कमरेला पट्टा. मी रजा टाकली आणि शेवटच्या ओळीतली मधली जागा स्वतःच्या नावे करून घेतली. विकतचं दुखणं म्हणतात ते हे. विमानतळावर साहेब काठी टेकत पुढं गेले, मी मागं गेलो.

माझ्या डाव्या हाताला एक मावशी होत्या. बोलण्यावरून आपल्याच बाजूच्या वाटल्या म्हणून विचारलं, तर दुसरबीडच्या निघाल्या. मुलाकडं पहिल्यांदाच चालल्या होत्या, सहा महिन्यांसाठी. विमान वर स्थिर झालं. पुढच्या ओळीतल्यांनी पाठी मागं टाकल्या आणि त्यांची डोकी आमच्या हनुवटीशी आली. मावशींनी ते पाहून आपल्याही हाताजवळचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पाठ रेटून दाबली. मग दोन्ही अंगठ्यांनी.

"भाऊ, हे शीट मागं काऊन जाईना?"

"खराब असंल," मी म्हणालो.

दोन तास गेले. माझी कंबर बोलायला लागली होती. मावशी अधूनमधून बटण दाबतच होत्या, कोणी पाहत नाही असं पाहून. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस दाराशी थांबला की त्यांच्या खांद्याला लागत होता आणि त्याच अंग चोरून घेत होत्या. चौथ्या की पाचव्या तासाला त्या माझ्याकडं वळून, ओशाळून म्हणाल्या, "मलाच जमंना वाटतं, भाऊ. साऱ्या लोकायला जमलं. आपण कधी बसलेलो नाही ना, म्हणून."

माझ्यानं पुढं ऐकवेना.

"मावशी, बटण खराब नाही. तुमाले न जमायला काही झालं नाही. हे शीट मांगं जातच नाही. ते तसंच ठेवलेलं हाय. मीच ठेवलं."

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. मग मी माझं काम सांगितलं, मागची भिंत दाखवली, पुढच्या पलंगांचं सांगितलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"काऊन ठेवलं पण?" त्यांनी विचारलं.

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. माझ्याजवळ उत्तर म्हणून होती ती माझी बढती, आणि ती त्यांना कशी सांगणार? अजून दहा तास उरले होते. त्यांनी मला घरून आणलेली दशमी दिली, वर चटणी. त्या चांगल्या बाईनं आणखी एकदाही बटण दाबलं नाही.

उतरल्यावर साहेब दिसले ते ताजेतवाने. हवाई सुंदरी सांगत होती, "सर जेवायलासुद्धा उठले नाहीत, गाढ झोपले होते." गाढ! माझी मान एका बाजूला धरलेली, पाऊल टेकवत नाही, आणि हे गाढ झोपलेले! पंधरा तास मी मनात जुळवाजुळव केली होती की साहेब विचारतील, मग मी सांगेन. साहेबांनी काही विचारलं नाही. "दवाखाना किती दूर हाय?" म्हणाले आणि काठी टेकत भराभर चालू लागले. पाय शाबूत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सुजाताला आत नेलं तेव्हा तिचा हात त्यांच्या हातात होता. ती वाचली. आज घरात हिंडते-फिरते. हे सगळ्यांत आधी लिहायला हवं होतं, पण माझ्या लिहिण्याला साहेबांइतकी शिस्त नाही.

मुंबईला परतल्यावर मी पहिलं काम केलं ते मावशींच्या परतीचं. त्यांची तारीख शोधून जागा थेट पुढच्या वर्गात करून टाकली. पलंग! साहेबांना टोरोंटोला फोन लावला आणि मावशींचं सगळं सांगितलं. खरं सांगतो, चौतीस वर्षांत पहिल्यांदा शाबासकी मिळणार असं मला वाटलं होतं.

"चांगलं केलं," साहेब म्हणाले. आणि पाठोपाठ, "मंग त्या शीटवर कोण बसन?"

मी फोन ठेवला. ठेवला म्हणजे आपटला. या माणसाला एका मावशीचं भलं झालेलं पुरत नाही. तिच्या जागी जो कोणी येऊन बसेल, ज्याचं नाव नाही, गाव नाही, ज्याला अजून कोणी पाहिलेलंही नाही, त्याचेही गुडघे यांना आधीच दिसतात. अशा माणसाबरोबर नोकरी कशी करायची आणि अशा माणसाचा सत्कार तरी कसा करायचा? चार दिवस मी घरी कुणाशी सरळ बोललो नाही.

पाचव्या दिवशी नवा नकाशा टेबलावर आला. ती विमानं आता जुनी झाली म्हणून आतून नव्यानं सजवायची आहेत. खुर्च्या नव्या, कापड नवं, पलंग आणखी रुंद, आणि भिंतीला चिकटलेली शेवटची ओळ जशीच्या तशी. खाली माझ्या सहीसाठी रेघ. नोकरी संपायला मला दोन वर्षं उरली आहेत आणि ती कोणत्या खुर्चीत काढायची हे त्या रेघेवर ठरणार आहे, असं वरून गोडीत सांगून झालं आहे.

साहेब पुढच्या महिन्यात देऊळघाटला परत येतील. अमृतमहोत्सवाला गुरुजींनी शाल, श्रीफळ आणि हा ग्रंथ असा बेत केला आहे. साहेबांना शंभरी गाठू दे. पायातली गाठ पुन्हा डोकं वर न काढो. सुजाता दरवर्षी माहेरी येऊ दे, आणि निंबाखालच्या त्या खुर्च्यांवर बसून गावातल्या माणसांची गाऱ्हाणी ऐकायला त्यांचे कान असेच तिखट राहू देत. त्यांनी आम्हाला आणखी पंचवीस वर्षं असंच छळावं, याहून मोठा आशीर्वाद मला मागता येत नाही.

एक गोष्ट मी त्यांना फोनवर सांगितलेली नाही. ग्रंथ हातात पडला की ते तो पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतील, हे मला ठाऊक आहे. म्हणून ती इथंच सांगतो.

साहेब, मी सही केली नाही.